ठोक्याला आकार कसा द्यायचा? संगणकावरचा ड्रम आणि लहरींची घडण

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे संगणकावरचा ड्रम. म्हणजे कुणीतरी ढोल वाजवला, तो मायक्रोफोनने टिपला आणि आपण बटण दाबून पुन्हा ऐकला, असा ड्रम नव्हे. इथे कातडं नाही, लाकूड नाही, काठीही नाही. असतो तो फक्त आकड्यांचा प्रवाह, आणि त्या आकड्यांतून आपल्याला ठोका घडवायचा आहे. अशा सॉफ्टवेअरला ड्रम सिंथेसायझर म्हणतात, आणि त्याच्या पोटातला मुख्य भाग म्हणजे ऑसिलेटर, अर्थात सतत पुनरावृत्त होणारी लहर तयार करणारं यंत्र. या लहरीचा आकार कसा ठरवायचा, तो कधी बदलायचा आणि कोणत्या क्रमाने बदलायचा, हे आज आपण पाहणार आहोत.

पहिला प्रश्न आपण आधीच घेऊ, कारण तो हमखास येतो. ड्रमचे हजारो तयार सॅम्पल फुकटात मिळतात, मग ही खटपट कशासाठी? याची कारणं दोन. एक म्हणजे सॅम्पल हा एका ठोक्याचा फोटो असतो. त्याचा आवाज कमी केला की तो हळू मारलेला ठोका होत नाही, तो जोरात मारलेलाच ठोका राहतो, फक्त लांबून ऐकू आल्यासारखा वाटतो. हळू वाजवलं की वाद्याचा पोतच बदलतो, आणि तो बदल फोटोत नसतो. दुसरं कारण अधिक व्यवहाराचं आहे. आपण हेडफोन लावून छान घुमणारा खर्जाचा ठोका तयार करतो. तोच ऐकणारा माणूस मोबाइलच्या बोटभर स्पीकरवर ऐकतो आणि त्याला ठोका ऐकूच येत नाही. ताल नाहीसा होतो. या दोन्ही अडचणींवरचा उपाय लहरीच्या आकारात आहे, म्हणून हा विषय.

ठोका म्हणजे नक्की काय?

कोणत्याही ठोक्याचे ढोबळमानाने तीन भाग करता येतात. पहिला, अगदी सुरुवातीचा 'ठक'. तो काही मिलिसेकंदांचा असतो, पण वाद्य कोणतं आणि किती जोरात मारलं हे कानाला बहुतांशी तिथेच कळतं. दुसरा, मधला सुराचा भाग, ज्यात वारंवारता पटकन खाली येते. आणि तिसरा, मागे रेंगाळणारी घुमार. या तिन्ही भागांत लहरीचा आकार एकच ठेवला तर ऐकणाऱ्याला ड्रम वाटत नाही, टेलिफोनची 'टूं' वाटते. आजच्या विषयाचं सार एका वाक्यात सांगायचं तर ड्रमच्या आवाजात आकारापेक्षा आकाराचा बदल महत्त्वाचा.

१९८० साली जपानच्या रोलंड कंपनीने टीआर-८०८ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्यात एकही सॅम्पल नव्हता, सगळे आवाज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून तयार होत. त्यातला मोठा ड्रम म्हणजे अदमासे ५० हर्ट्झला घुमणारं एक सर्किट. त्याला विजेचा एक क्षणिक झटका द्यायचा, की ते तांब्याच्या भांड्याला टिचकी मारल्यासारखं घुमायचं आणि हळूहळू शांत व्हायचं. कंपनीने १९८३ मध्ये याचं उत्पादन थांबवलं, पण तो आवाज काही थांबला नाही. आपल्याकडचं उदाहरण सांगायचं तर मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ साली निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेत दहा रागांच्या जोडीला हेच यंत्र वापरलं होतं. आजची बहुतेक ड्रम सॉफ्टवेअर या ना त्या प्रकारे याच यंत्राची नातवंडं आहेत.

चार मूळ आकार

आता सॉफ्टवेअरमध्ये ऑसिलेटर कसा चालतो ते बघू. कल्पना करा, घड्याळाचा एक काटा आहे. तो शून्यापासून निघतो, एक पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. या काट्याच्या स्थितीला फेज म्हणतात. सेकंदाला ४४,१०० आकडे तयार करायचे असतील आणि आपल्याला ५० हर्ट्झचा सूर हवा असेल, तर एका फेरीला ४४,१०० भागिले ५०, म्हणजे ८८२ आकडे मिळतात. म्हणजे प्रत्येक पावलाला काटा १/८८२ इतका पुढे सरकतो. बस, ऑसिलेटर म्हणजे एवढंच. पुढची सगळी गंमत ही की या काट्याच्या स्थितीवरून आपण कोणता आकडा बाहेर काढतो.

काट्याची स्थिती जशीच्या तशी बाहेर काढली तर करवतीच्या दात्यासारखी लहर मिळते. चढून परत उतरवली तर त्रिकोणी. अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली ठेवली तर चौकोनी. आणि साइनच्या सूत्रातून काढली तर गुळगुळीत साइन लहर. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं, की पुनरावृत्त होणारी कोणतीही लहर अनेक साइन लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ज्या लहरी त्यात असतात त्यांना हार्मोनिक म्हणतात.

साइनमध्ये एकच घटक असतो, त्यामुळे ती गोल आणि काहीशी मुकी वाटते. त्रिकोणी लहरीत फक्त विषम हार्मोनिक असतात आणि ते वर्गाच्या प्रमाणात कमी होतात: तिसरा एक नवमांश, पाचवा एक पंचविसांश. चौकोनी लहरीतही फक्त विषमच, पण ते सावकाश कमी होतात: तिसरा एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश. करवती लहरीत सम आणि विषम दोन्ही असतात, दुसरा निम्मा, तिसरा एक तृतीयांश, असे. चौकोनी लहरीचा वरचा भाग किती वेळ ठेवायचा हेही बदलता येतं. तो एक चतुर्थांश ठेवला तर सम हार्मोनिक येतात, पण चौथा, आठवा, बारावा मात्र गायब होतात. म्हणजे एका खुंटीने आवाजाचा रंग बदलतो.

मग ड्रमला कोणता आकार? मोठ्या ड्रमला साधारणपणे साइन किंवा त्रिकोणी. झांजेसारख्या आवाजाला चौकोनी, पण एकच नाही. ८०८ मध्ये झांज आणि हाय-हॅटसाठी सहा चौकोनी लहरी एकत्र केल्या होत्या, आणि त्यांच्या वारंवारता मुद्दाम एकमेकींशी न जुळणाऱ्या ठेवल्या होत्या. त्यांतल्याच दोन, अदमासे ५४० आणि ८०० हर्ट्झच्या, घेऊन काउबेल म्हणजे गायीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज केला होता. त्यांचं गुणोत्तर काढलं तर १.४८ येतं. सा आणि पंचमाचं गुणोत्तर १.५. म्हणजे जवळजवळ पंचम, पण किंचित उतरलेला. त्या किंचित न जुळण्यातच धातूचा भास आहे.

सूर खाली घसरतो, पण हिशेब चुकू नये

आता मोठा ड्रम घडवायला घेऊ. साइन लहर घेतली, ५० हर्ट्झ, आणि तिचा आवाज हळूहळू कमी केला. ऐकलं तर नुसतीच 'ऊं'. ठोका कुठे आहे? ठोका वारंवारतेच्या घसरणीत आहे. सुरुवात ३०० हर्ट्झला करू आणि ती झपाट्याने ५० वर आणू. वरचे २५० हर्ट्झ असे कमी करू, की दर २० मिलिसेकंदांनी त्यांचा सुमारे ३७ टक्के भाग उरेल. मग सुरुवातीला ३००, २० मिलिसेकंदांनी १४२, ४० ला ८४, ६० ला ६२, आणि १०० मिलिसेकंदांपर्यंत जवळपास ५२. कानाला ही घसरण सूर म्हणून कळत नाही, ती 'धप्प' अशी कळते. घसरण लांबवली तर 'प्यूं' असा खेळण्यातल्या बंदुकीसारखा आवाज येतो. म्हणजे ड्रम आणि बंदूक यांच्यात फरक काही मिलिसेकंदांचाच.

इथे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे, तो नीट पाहून ठेवू. पुष्कळ जण सूत्र असं लिहितात: त्या क्षणाची वारंवारता गुणिले वेळ, आणि त्याची साइन. वारंवारता स्थिर असेल तर हे बरोबर आहे. बदलत असेल तर मात्र चूक. आपल्याच आकड्यांनी हिशेब करा. या सूत्राने प्रत्यक्ष ऐकू येणारी वारंवारता २० मिलिसेकंदांनाच ५० वर पोचते, मग तिथे न थांबता आणखी खाली जाते, ४० मिलिसेकंदांना १६ हर्ट्झपर्यंत, आणि तिथून हळूहळू वर चढत ५० वर येते. म्हणजे ठोका मध्येच बुडी मारतो आणि पुन्हा वर येतो. ठोक्यात दम का नाही म्हणून माणूस फिल्टर आणि इफेक्ट बदलत बसतो, आणि दोष असतो गुणाकारात. उपाय सोपा आहे. घड्याळाचा तो काटा आठवा. प्रत्येक पावलाला त्या क्षणाच्या वारंवारतेइतकाच तो पुढे सरकवायचा आणि मागची स्थिती लक्षात ठेवायची. गुणाकार नको, बेरीज करत जायचं.

अजून एक बारकावा, काटा कुठून सुरू करायचा हा. साइन लहर शून्यातून निघते, म्हणून सुरुवात मऊ होते. तीच लहर तिच्या शिखरापासून सुरू केली तर पहिल्याच आकड्याला शून्यापासून एक अशी उडी बसते आणि 'टक' असा आवाज येतो. हा 'टक' हवा असेल तर तो फुकटात मिळालेला काठीचा आघात आहे, नको असेल तर दोष. प्युअर डेटा हे मिलर पकेट यांनी बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, की त्यातला ऑसिलेटर कोसाइन देतो, म्हणजे शून्य फेजला तो शिखरावर असतो. मऊ सुरुवात हवी असेल तर प्रत्येक ठोक्याला फेज ०.७५ वर आणून सोडा. आणि काटा प्रत्येक ठोक्याला ठरलेल्या जागी आणला नाही, तर प्रत्येक ठोक्याची सुरुवात वेगळी ऐकू येईल. कुठे 'टक', कुठे काहीच नाही.

लहर वाकवणारा डबा

आता मोबाइलच्या स्पीकरकडे परत येऊ. ५० हर्ट्झची हवा हलवायला मोठा पडदा लागतो. बोटभर स्पीकरला ते जमत नाही, त्याच्या आकारमानाची ती मर्यादा आहे. आवाज कितीही वाढवला तरी साइन लहरीत ५० शिवाय दुसरं काही नाहीच, मग ऐकू काय येणार? पण त्याच लहरीत वरचे हार्मोनिक असतील तर गोष्ट बदलते. स्पीकरमधून ३५०, ४००, ४५० असे वरचे घटक बाहेर पडतात, आणि आपला कान त्यांच्यातल्या समान अंतरावरून खालचा मूळ सूर स्वतःच्या मनाने भरून काढतो. अगदी पूर्ण नाही, खर्जाचा धक्का छातीला बसत नाही, पण ताल हरवत नाही.

हे हार्मोनिक आणायचे कसे? एक डबा कल्पा. त्यात आत येणाऱ्या प्रत्येक आकड्याच्या बदल्यात दुसरा आकडा बाहेर पडतो. छोट्या आकड्यांना तो जसंच्या तसं सोडतो, मोठ्या आकड्यांना मात्र दाबतो. याला वेव्हशेपर म्हणतात. १९७९ साली मार्क ल ब्रुन आणि डॅनिएल आर्फिब यांनी आपापल्या लेखांतून या पद्धतीची डिजिटल संगीतासाठी व्यवस्थित मांडणी केली. यासाठी नेहमी वापरलं जाणारं सूत्र म्हणजे हायपरबोलिक टॅन्जंट, आपण त्याला 'टॅन्ह' म्हणू. त्याचा आलेख आडव्या पडलेल्या इंग्रजी एससारखा असतो. साइन लहर त्यात सोडली की तिची शिखरं चपटी होतात. जितकी जास्त जोरात सोडाल तितकी ती चौकोनाकडे झुकते.

आता एक नियम पाठ करून ठेवण्यासारखा. डबा वरच्या आणि खालच्या बाजूला सारखाच वागत असेल तर फक्त विषम हार्मोनिक येतात. सम हार्मोनिक हवे असतील तर डबा एकांगी हवा. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे लहरीत तिच्याच वर्गाचा थोडा अंश मिसळणं. समजा वर्गाचा एक पंचमांश मिसळला. साइनचा वर्ग केला की दुप्पट वारंवारतेची लहर मिळते, आणि ती इथे मूळ लहरीच्या एक दशांश, म्हणजे २० डेसिबल खाली येते. सोबत एक पाहुणा येतो, ०.१ इतका स्थिर आकडा. तो ऐकू येत नाही पण सगळी लहर वर ढकलून ठेवतो आणि ठोका संपताना 'टक' करू शकतो. म्हणून वेव्हशेपरनंतर अगदी खालची वारंवारता काढून टाकणारा फिल्टर लावायचा. मोबाइलसाठी हे सम हार्मोनिक उपयोगी पडतात, कारण नुसते विषम असतील तर घटकांमधलं अंतर १०० हर्ट्झचं होतं आणि कानाला मूळ सुराचा अंदाज बांधायला कठीण जातं. सम मिळाले की अंतर ५० चं होतं.

आधी काय, नंतर काय

आता आजच्या व्याख्यानाचा गाभा. आपल्याकडे दोन डबे आहेत. एक आवाज हळूहळू कमी करणारा, त्याला एन्व्हलप म्हणतात. दुसरा लहर वाकवणारा. आधी कोणता लावायचा?

समजा आधी लहर वाकवली आणि मग आवाज कमी केला. तर पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत लहरीचा आकार तोच राहतो, फक्त लहान होत जातो. हा तो फोटो लांबून पाहण्याचा प्रकार.

आता क्रम उलटा करू. आधी आवाज कमी करायचा आणि मग वाकवायचा. सुरुवातीला लहर मोठी आहे, म्हणून डबा तिला चांगलीच चपटी करतो, आवाज तेजस्वी. जसजशी ती लहान होते, तसतसा डबा तिला कमी वाकवतो, आणि शेवटी जवळजवळ शुद्ध साइन उरते. वर्गाचं उदाहरण पुन्हा घ्या. मूळ लहर निम्मी झाली की तिच्या वर्गातून आलेला दुसरा हार्मोनिक एक चतुर्थांश होतो. घनातून आलेला तिसरा, एक अष्टमांश. म्हणजे वरचे घटक आपोआप लवकर विरतात. खरा ढोल, खरा मृदंग, अगदी स्वयंपाकघरातलं पातेलं वाजवून बघा: आघातानंतरची झणझण आधी जाते, घुमार मागे राहते. क्रम बदलताच नेमकं हेच होतं, तेही एकही जादा सूत्र न लिहिता. आणि हळू वाजवलेला ठोका म्हणजे डब्यात कमी जोराने सोडलेली लहर, त्यामुळे त्याचा पोत आपसूक मऊ होतो. सॅम्पलबद्दलची आपली पहिली तक्रार इथे मिटते.

पण हे फुकट नाही. टॅन्हमध्ये लहर चौपट करून सोडली असं धरा. आत येणारी लहर एक वरून एक चतुर्थांशावर आली, म्हणजे १२ डेसिबलने उतरली, तरी बाहेर मात्र ती जेमतेम अडीच डेसिबलने उतरते. म्हणजे घुमार लांबल्यासारखी वाटते, ठोके एकमेकांवर चढतात आणि लय चिखलात रुतते. म्हणून अनुभवी लोक दोन एन्व्हलप ठेवतात. एक वेव्हशेपरच्या आधी, तो पोत ठरवतो. दुसरा नंतर, तो ठोक्याची लांबी ठरवतो. पहिल्याला 'हाताचा जोर' म्हणा आणि दुसऱ्याला 'दाबून धरलेला तळवा'.

दुसरी सावधगिरी कानांची. शिखर तेवढंच ठेवून साइनची पूर्ण चौकोनी लहर केली तर तिची शक्ती ३ डेसिबलने वाढते, आणि वरचे घटक कानाला अधिक टोचतात म्हणून ती त्याहूनही मोठी वाटते. मोठं ते चांगलं वाटणं हा कानाचा स्वभाव आहे. म्हणून दोन आकारांची तुलना करताना आधी दोघांचा आवाज सारखा करा, मगच ठरवा. आणि हेडफोनवर प्रयोग करताना आवाज कमी ठेवा. सूत्रातला एक आकडा चुकला तरी कानठळी बसू शकते.

आरशातले सूर

संगणकाची स्वतःची एक अडचण आहे, ती सर्किटमध्ये नव्हती. सेकंदाला ४४,१०० आकडे असतील तर त्यात जास्तीत जास्त २२,०५० हर्ट्झपर्यंतचाच सूर मावतो. त्याच्या वरचा सूर तयार केला तर तो नाहीसा होत नाही, आरशावर आपटल्यासारखा परत खाली येतो. याला एलियसिंग म्हणतात.

उदाहरण बघा. ५,००० हर्ट्झची चौकोनी लहर भोळेपणाने काढली. तिसरा हार्मोनिक १५,०००, ठीक. पाचवा २५,०००, तो परत येतो १९,१०० वर. सातवा ३५,०००, तो येतो ९,१०० वर. आणि नववा ४५,०००, तो येतो थेट ९०० हर्ट्झवर, म्हणजे मूळ सुराच्याही खाली! कुणीही न वाजवलेला सूर. सूर खाली घसरत असेल तर आरशातले काही सूर उलटे वर चढत जातात आणि कानाला लगेच कळतं की काहीतरी बिघडलंय.

मग प्रत्येक वेळी घाबरायचं का? नाही. ५० हर्ट्झच्या चौकोनी लहरीचा ४४१ वा हार्मोनिक कुठे २२,०५० ला पोचतो, आणि तोवर तो ५३ डेसिबल खाली गेलेला असतो. मोठ्या ड्रमला हा त्रास जवळपास नाही. झांजेत तर न जुळणारे सूरच हवे असतात, तिथे थोडं एलियसिंग खपून जातं. त्रास होतो तो मधल्या पट्टीत, सूर स्पष्ट ऐकू येणाऱ्या टॉम किंवा घंटेसारख्या आवाजात.

उपाय तीन. लहरीत जिथे एकदम उडी आहे तिथले आजूबाजूचे दोन-चार आकडे एका छोट्या बहुपदीने घासून गुळगुळीत करायचे. पॉलिब्लेप या नावाची पद्धत हेच करते. किंवा वेव्हशेपरपुरता वेग चौपट करायचा, वरचं गाळून टाकायचं आणि मग परत मूळ वेगावर यायचं. किंवा टॅन्हऐवजी साधी बहुपदी वापरायची. तिथे हमी असते, की पाचव्या घाताची बहुपदी साइनमधून पाचव्या हार्मोनिकच्या वर काही निर्माणच करत नाही. ३०० हर्ट्झपासून घसरणाऱ्या ठोक्यात मग १,५०० हर्ट्झच्या वर काही येणार नाही. जुन्या, संथ लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

तबला इथे काय शिकवतो?

शेवटचा मुद्दा आपल्या वाद्यांचा. सगळीकडे सारख्या जाडीचं, ताणून बसवलेलं गोल कातडं घेतलं तर त्याच्या कंपनांच्या वारंवारता १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा प्रमाणात येतात. यात दुप्पट, तिप्पट असं काही नाही, म्हणून साध्या ड्रमला नेमका सूर नसतो. एका ऑसिलेटरची लहर कितीही वाकवली तरी त्यातून पूर्णांकी हार्मोनिकच निघतात, २.१४ कधीच निघणार नाही. म्हणून ढोल किंवा टॉम हवा असेल तर एक ऑसिलेटर पुरत नाही, वेगवेगळ्या प्रमाणांत लावलेले दोन-तीन घ्यावे लागतात आणि वर थोडा खरखराट मिसळावा लागतो.

तबल्याचं मात्र वेगळं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ साली एका विस्तृत लेखात दाखवलं, की तबला-मृदंगावरची शाई कातड्याच्या मध्यावर वजन वाढवते आणि त्यामुळे त्याची कंपनं पहिल्या पाच हार्मोनिकांच्या गटांत येऊन बसतात. म्हणजे शाई भरणाऱ्या कारागिरांनी थरावर थर चढवत, घासत, ऐकत जे साधलं ते बेसूर कातड्याला सुरात आणणंच आहे. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की एक ऑसिलेटर आणि एक वेव्हशेपर ही जोडी ढोलापेक्षा तबल्याच्या अधिक जवळ आहे. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या काठाशी हलकी टेकलेली असते, त्यामुळे मूळ कंपन दबतं आणि वरचे हार्मोनिक पुढे येतात. आपल्यालाही तेच करायचं: लहर वाकवून झाल्यावर फिल्टरने मूळ सूर उतरवायचा. आणि डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन सूर वर चढवतात. म्हणजे मोठ्या ड्रममध्ये जी घसरण खाली होती, ती इथे चढण करायची. परदेशी सॉफ्टवेअरमधल्या तयार खुंट्या बहुधा खालच्याच दिशेला फिरतात म्हणून डग्गा जमत नाही असं नाही, पायऱ्या फक्त उलट्या लावायच्या.

पुढच्या व्याख्यानापर्यंत एवढं करून बघा. एक साइन, ३०० वरून ५० वर येणारी. त्यानंतर एन्व्हलप, त्यानंतर टॅन्ह. मग एन्व्हलप आणि टॅन्ह यांची अदलाबदल करा. दोन्ही ठोके सारख्या आवाजाला आणून आधी हेडफोनवर आणि मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, जोरात आणि हळू दोन्ही तऱ्हेने वाजवून. फरक शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण खरखराटाकडे, म्हणजे स्नेअर आणि टाळीच्या आवाजाकडे वळू, तेव्हा तुमची ही टिपणं कामी येतील.